टाकीत भरती येत नाही

रविवार, १९ एप्रिल १९९८

मासे आले एकदाचे. माझा मेहुणा संदीप दाभोळच्या खाडीतली बोईटाची बोटभर पिल्लं घेऊन काल नगरला पोचला. तीन एसट्या बदलल्या, दोन ठिकाणी भांडणं झाली, आणि चार प्लास्टिकचे कॅन मांडीवर सांभाळत आणले. एक कंडक्टर मासळी टपावर टाका म्हणून हटूनच बसला. संदीप म्हणाला, "जिवंत आहेत हो." तर तो म्हणे, "मग हाफ तिकीट काढा." या लोकांना विज्ञान म्हणजे थट्टा वाटते.

नाव मच्छिंद्र, विषय समुद्राचे मासे, आणि नोकरी नगरच्या कॉलेजात, जिथून समुद्र बघायचा तर दिवस मोडतो. स्टाफरूममध्ये सगळे हसतात. हसोत बापडे. यंदा समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं आहे आणि पुढं आणखी तापत जाणार, असं पुण्याचे माझे मार्गदर्शक सर म्हणतात. माझा प्रश्न सरळ आहे. पाणी हळूहळू तापवत नेलं तर मासा कुठवर जुळवून घेतो? जूनअखेर आकडे द्यायचे. नाही दिले तर पीएच.डी.ची नोंदणी जाणार आणि तिच्यामागोमाग नोकरीही. तात्पुरता, तात्पुरता म्हणत माझे अर्धे केस पांढरे झाले.

एक टाकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवली, दुसरी सावेडीत आमच्या घरी मागच्या पडवीत. दोन्हीकडे सारखं पाणी, सारखे हीटर, सारखे मासे. एकीचं काही बिघडलं तर दुसरी साक्षीला राहील. लाईट गेली की हवेचा पंप बंद पडतो, तेव्हा तांब्यानं पाणी उचलून वरून ओतत बसावं लागतं. कॉलेजात ते काम प्रयोगशाळेतला शिपाई छगन करील. घरी दीपा.

म्हणून यंदा दीपाला माहेरी जाता येणार नाही. दर वैशाखात जाते, यंदा नाही. तसं तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. शहाणी आहे.

आमच्या लेकीची, यशोधरेची परीक्षा झाली, तिला मात्र मामाबरोबर पाठवली. निघताना संदीप म्हणाला, "भावोजी, आईनं ताईला घेऊन यायला सांगितलंय." मी म्हटलं, यंदा पोरीवर भागवा. तो उगाच उंबऱ्यात उभा राहिला. चपला घातल्या, काढल्या, आत जाऊन पाणी पिऊन आला, पुन्हा चपला घातल्या. कोकणातल्या माणसांना निघायला फार वेळ लागतो.

मंगळवार, २१ एप्रिल

आज घरचे मासे टाकीत सोडले. मासा एका पाण्यातून उचलून दुसऱ्या पाण्यात टाकला की धक्का बसतो, कधी तासाभरात मरतो. म्हणून पाण्यासकट पिशवी टाकीत तरंगत ठेवायची, मग थोड्या थोड्या वेळानं पेलाभर नवं पाणी पिशवीत घालायचं. दुपार त्यात गेली. पाठ मोडली.

दीपा दारात बसून बघत होती. म्हणाली, "आपल्या लग्नात मला सकाळी जीपमध्ये बसवलं आणि रात्री कर्जतला उतरवलं. पेला-पेला कुणी केलं नव्हतं." मे महिन्यातलं लग्न होतं आमचं, आणि कर्जत म्हणजे माझं गाव, नगर जिल्ह्यातलं, दुष्काळी. मी म्हटलं, कामाच्या वेळी विनोद नको.

पण तिला समजावून सांगितलं, कारण टाकीपाशी तीच बसणार. समुद्र तापला की माशांपुढे तीनच वाटा. एक म्हणजे जुळवून घेणं. तोच मासा, तेच शरीर, हळूहळू सोसायला शिकतं. दुसरी वाट म्हणजे बदलणं. जे सोसतात ते जगतात, त्यांची पिल्लं जगतात, आणि कैक पिढ्यांनी जातच निराळी होते. पण पिढ्यांना वेळ लागतो आणि समुद्र तेवढा थांबेल याची खात्री नाही. तिसरी वाट म्हणजे निघून जाणं, खोल पाण्यात नाहीतर गार मुलखाकडे.

"टाकीतल्यांना तिसरी वाट कुठली?" दीपानं विचारलं.

"नाही. म्हणून तर टाकी." प्रश्न चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे.

मंगळवार, २८ एप्रिल

आजपासून तीस अंश. दर तीन दिवसांनी एक अंश चढवतो. मी सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला घरच्या टाकीचा पारा बघतो. मधला वेळ कॉलेजात परीक्षेच्या पर्यवेक्षणात मुलांच्या कॉप्या धरण्यात जातो. पारा दोन्ही वेळा अगदी जिथं हवा तिथं. मला माझ्याच शिस्तीचं कौतुक वाटलं.

लाईट मात्र रोज दुपारी जाते. वायरमनला विचारलं तर म्हणतो, "वरूनच न्हाई सर." वरून म्हणजे कुठून, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

माशांनी आज खाणं कमी केलं. निम्मं पीठ तळाशी तसंच. जिवाला घोर लागला. दीपाचंही जेवणाकडे लक्ष नाही, ताटात भाकरी तशीच ठेवून उठते. विचारलं तर म्हणते, "जात नाही." अन्न वाया घालवणं मला पटत नाही. तसं बोललो.

सोमवार, ४ मे

बत्तीस. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात. गरम पाण्यात हवा कमी विरघळते आणि तापलेल्या शरीराला तर हवा जास्त लागते. दोन्हीकडून कोंडी. पाठीवरची ती पाऱ्यासारखी चकाकी उतरली आहे. किती वेळ बघत बसलो. मुकं जनावर, सांगणार तरी कुणाला?

आज दीपाचा घोळणा फुटला. कॉलेजातून आलो तर पडवीत फरशीवर निजलेली, नाकाशी फडकं. कांदा फोडून हुंगायला दिला. अंगभर घामोळं आहे तिच्या, बोलणंही कमी झालंय. मी म्हटलं, उन्हाळा सगळ्यांनाच आहे. आमच्या कर्जतची माणसं चाळिशीच्या वर पारा असताना बांधबंदिस्तीची कामं करतात. ती म्हणाली, "ती तिथलीच आहेत." हा काय युक्तिवाद झाला?

सोमवार, ११ मे

आज बुद्धपौर्णिमा. कर्जतहून आई आली. सकाळी कॉलनीतल्या विहारात वंदना झाली, खीर वाटली. घरी आल्याबरोबर आईनं दीपाच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्यावर घसरली.

"ही अजून हितंच? म्हायेराला न्हाई गेली?"

म्हटलं, यंदा प्रयोग आहे.

"मुराळी आलाच न्हाई का?"

"कसला मुराळी? संदीप आला होता, मासे घेऊन. यशूला घेऊन गेला."

आई कपाळावर हात मारून खाली बसली. "आरं, बायकोचा भाऊ वैशाखात दारात येतो ते मासं द्यायला व्हय? मुराळी आलता त्यो! आन् तू त्याला रिकामा धाडलास? पोर दिली म्हंजी झालं? आमी गरिबीत हुतो, खडी फोडीत हुतो, पर तुजा मामा आला आन् मला घेतल्याबिगर गेला असं एक साल झालं न्हाई. तुजा बाप कोंडीराम लई तापट मानूस, पर मुराळी म्हनला की पटका बांधून मला येशीपतूर घालवाया यायचा."

मी म्हटलं, आई, हे जुनं झालं, आता बायका शिकलेल्या आहेत, त्यांना रीतभात नको असते. दीपा आत खीर ढवळत होती. तिनं ना हो म्हटलं, ना नाही. म्हणजे माझंच खरं.

संध्याकाळी बातमी आली, राजस्थानात अणुस्फोट झाले. चौकात फटाके वाजले. त्याच वेळी आमच्या गल्लीची लाईट गेली. एवढी शक्ती आपल्या देशात आहे तर ती सावेडीपर्यंत का येत नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. मी तांब्या घेऊन टाकीपाशी बसलो. टाकी चौतिसाला आहे.

शुक्रवार, १५ मे

पस्तिसाला कॉलेजच्या टाकीत दोन मासे मेले. उलटे तरंगत होते. छगनला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "सर, म्या हात बी लावला न्हाई."

"तेच तर! लाईट गेल्यावर हात लावायचा होता!"

"लावला की सर. लाईट गेली तवा लावला. लाईट व्हती तवा न्हाई लावला."

याच्याशी कोण वाद घालणार? घरी येऊन टाकी बघितली. सगळे जिवंत. दीपाला म्हटलं, बघ, लक्ष दिलं की असं होतं. ती हसली. फार दिवसांनी हसली, हे आत्ता लिहिताना ध्यानात आलं.

सोमवार, १८ मे

कॉलेजची टाकी रिकामी झाली. छत्तिसाला एकही टिकला नाही. घरी छत्तीस अंशांत सगळे पोहताहेत, वर पीठही खाताहेत!

कुणी म्हणेल आनंदाची गोष्ट आहे. कपाळ! दोन टाक्या सारख्या असाव्यात म्हणून एवढा आटापिटा केला, आणि एकीत स्मशान, दुसरीत जत्रा. या आकड्यांवरून काय सिद्ध होतं? सावेडीची हवा माशांना मानवते, हे? छगननं नक्की काहीतरी केलं आहे. हीटर पालथा ठेवला असेल, तंबाखूचा हात पाण्यात घातला असेल. तो शपथा घेतो. मला त्याच्या शपथांचा वीट आला आहे. जूनअखेर जवळ येते आहे आणि माझ्या हातात मेलेले मासे आणि न मेलेले मासे, दोन्ही बिनकामाचे.

बुधवार, २० मे

सापडलं.

आज पर्यवेक्षण लवकर आटोपलं, म्हणून दुपारीच घरी आलो. पडवीत गेलो. टाकीवर दीपाची ओली साडी, चारी बाजूंनी गुंडाळलेली. हीटरची वायर काढून ठेवलेली. शेजारी फरशीवर पाणी शिंपडून दीपा झोपलेली, गाल टाकीच्या काचेला लावून. पारा बघितला. बत्तीसच्याही खाली!

मी ओरडलोच. आई स्वयंपाकघरातून धावत आली. दीपा उठून बसली, घाबरली नाही. म्हणाली, "रोज दुपारी दोन तास बंद करते. साडी भिजवून टाकते. चारला पुन्हा लावते. तुम्ही येईपर्यंत तुम्हाला हवं तेवढं तापतं."

"रोज?"

"ते वर येऊन तोंड वासायला लागले, त्या दिवसापासून."

"अगं, हा प्रयोग आहे! त्यांना त्रास होतो की नाही तेच तर बघायचंय!"

"मग बघितलंत की."

मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. माझं वर्ष बुडवलंस, नोकरी घालवलीस, असं बरंच. अडाणी हा शब्दही गेला तोंडातून. ती बी.ए. आहे. सगळं संपेपर्यंत ती साडी पिळत होती, पिळून कोरडी झाली तरी पिळत होती. मग म्हणाली, "आमच्या खाडीतसुद्धा ओहोटीला डबकी तापतात. हात घालवत नाही इतकी तापतात. बोईटं त्यातच अडकून असतात. पण कितीही तापलं तरी भरती येते हो. तुमच्या टाकीत भरतीच येत नाही."

मी म्हटलं, टाकीत भरती कुठून येणार? काहीतरीच बोलते.

आई आजपर्यंत माझ्या बाजूनं एकदाही बोललेली नाही. आजही नाही बोलली.

शुक्रवार, २२ मे

दीपा माहेरी गेली.

सकाळी उठलो तर पिशवी भरलेली. आईनं स्वतः तिची वेणी घातली होती, ओटीत नारळ ठेवला होता. दीपा म्हणाली, "जाते." विचारत नव्हती, सांगत होती. घरात आमची बोलाचाली दोन दिवस बंद होती. म्हटलं, "जातेसच तर येताना नवे मासे घेऊन ये. हे तर वाया गेले." आणि रिकामे कॅन आणून तिच्यापुढं ठेवले.

तिनं कॅनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कॅन उचलले. आई स्टँडवर घालवायला गेली. मला तासाला जायचं नव्हतं, सुट्टी लागली आहे, तरी मी गेलो नाही. टाकीपाशी कुणीतरी हवं.

बुधवार, २७ मे

एसटीडी बूथवरून सरांना फोन केला. शिव्या खायची तयारी ठेवून सगळं सांगून टाकलं: घरच्या टाकीत ढवळाढवळ झाली, रोज दुपारी दोन तास पाणी निवलं, आकडे रद्द समजावेत. सर एकेक तारीख आणि आकडा लिहून घेऊ लागले. मीटर पळतोय आणि हे लिहिताहेत!

मग म्हणाले, "मच्छिंद्र, रोज निवत होतं?"

"रोज, सर."

"आणि त्याच माशांनी छत्तीस सोसलं, सलग तापलेले गेले. अरे, हा बिघाड नाही, उत्तर असू शकतं. ताप सोसताना आतली मोडतोड चाललेलीच असते. रोज थोडा विसावा मिळाला तर शरीर तेवढ्यात डागडुजी करून घेतं आणि उद्याच्या तापाला उभं राहतं. विसावाच नाही मिळाला तर मोडतोड साठत जाते. वरून मासा पोहताना दिसतो, आणि एक दिवस उलटा होतो." मग म्हणाले, एका टाकीनं काही सिद्ध होत नाही, जागाही वेगळी होती. नवे मासे आणा, दोन्ही टाक्या एकाच खोलीत ठेवा, एकीला विसावा द्या, दुसरीला देऊ नका. जूनच्या मध्याला सुरू केलंत तर अखेरीला निदान पहिले आकडे दाखवता येतील.

शेवटी विचारलं, "दुपारी बंद ठेवायची कल्पना कुणाची?"

मी म्हटलं, "घरातच निघाली, सर."

परत येताना पाय जमिनीवर नव्हते. दीपाला सांगावंसं वाटलं. संदीप बर्फाच्या कारखान्यात कारकून आहे, तिथं फोन लागतो. लावला. तो म्हणाला, ताई खाडीवर गेलीय. निरोप ठेवला: मासे लवकर पाठवा.

गुरुवार, ४ जून

आई कर्जतला गेली. जाताना म्हणाली, "मासं सांबाळ बाबा. तेवढंच ऱ्हायलंय घरात."

भाजी करपते, दूध उतू जातं, धोब्यानं शर्ट हरवला. आकाशात ढग येऊन बसतात आणि नुसते बसून राहतात. त्यामुळे ऊन परवडलं असं झालंय. माझ्या पाठीवर घामोळं उठलं आहे. हात पोचत नाही. जेवण जात नाही.

दुपारी लाईट गेली तेव्हा तांब्यानं पाणी ढवळत बसलो. दीपाची साडी दोरीवर होती, ती भिजवून टाकीवर टाकली. प्रयोग तसाही संपलाय, हे मासे नुसतेच पाळलेले आहेत. ओल्या साडीतून पडवीत गार झुळूक येत होती. मी फरशीवर आडवा झालो. बरं वाटलं. एवढं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. एवढ्याशा जागेत ती आठवडेच्या आठवडे पडून होती आणि मी तिला भाकरीवरून बोललो.

लाईट आल्यावर उठून कामाला लागलो.

गुरुवार, ११ जून

संदीप आला. हातात कॅन, मागे यशू, उन्हानं काळी झालेली, तोंडभर हसणारी. त्यांच्या मागं कुणी नाही. मी तरी दाराबाहेर जाऊन बघितलं. रिक्षा वळून गेली होती.

"दीपा?"

संदीप कॅन खाली ठेवत म्हणाला, "ताई म्हणाली, मासे हळूहळू सोडा म्हणावं."

"ते मला माहीत आहे. ती कधी येणार?"

"पावसाळा तिथंच काढते म्हणाली."

"आणि मग?"

"मग काय, ते नाही बोलली." तो नजर चुकवत म्हणाला. मग उगाचच, "यंदा मासळीही खोलात गेली, भावोजी. पाणी तापलंय ना. होड्या रिकाम्या येतात. ही पिल्लं ताईनं स्वतः जाळं धरून पकडली."

मला राग आला. सोमवारी शाळा उघडते, पोरीच्या वेण्या कोण घालणार? माझा प्रयोग, कॉलेज, घर, सगळं एकट्यानं कसं ओढायचं? हे सगळं संदीपला ऐकवलं. यशू मध्येच म्हणाली, "बाबा, आई तिकडं गाणं म्हणते."

दीपा गाणं म्हणते हे मी विसरलो होतो.

शुक्रवार, १२ जून

कॉलेजची टाकीही पडवीत आणून ठेवली, जुने मासे पिंपात काढले आणि नवे सोडायला बसलो. पिशव्या दोन्ही टाक्यांत तरंगत ठेवल्या. पेलाभर पाणी घातलं, थांबलो. पुन्हा पेलाभर. घाई केली तर मरतात. हात आपोआप चालत होता आणि डोक्यात ती जीप. मे महिन्यातली, पत्र्याची. घाट चढून आलो तेव्हा ती पदरानं सारखं तोंड पुसत होती आणि मी तिला इरिगेशन बंगल्याची झाडं दाखवत होतो, कारण वाटेत दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तेव्हापासून दर वैशाखात ती जायची, परत यायची, आणि घर चालायचं. मला वाटायचं, तिला इथली सवय झाली.

कसली सवय! तिला दर वर्षी भरती मिळत होती. यंदा मी बंद केली, आणि रोज सकाळ-संध्याकाळ सातला पारा बघून समजत होतो की सगळं ठीक आहे.

सर म्हणाले होते, वरून पोहताना दिसतो. मला स्वतःची लाज वाटली, आणि भीती जास्त वाटली. टाकीतल्यांना तिसरी वाट नसते. तिला होती.

शेवटचा मासा पिशवीतून बाहेर आला तेव्हा संदीप मागे उभा होता. त्याला म्हटलं, "उद्या तुमच्याबरोबर मीही येतो."

शनिवार, १३ जून

सकाळी आई कर्जतहून आली. बूथवरून शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला होता, पहिल्या गाडीनं निघाली. यशूला ती सांभाळील. छगनला घरी बोलावून दोन्ही टाक्या दाखवल्या. म्हटलं, हीटर लावायचे नाहीत. लाईट गेली तर पाणी ढवळायचं, ऊन तापलं तर ओलं फडकं. तो म्हणाला, "मंग प्रयोग कसा व्हायचा सर?" म्हटलं, होणार नाही.

सरांनाही तसंच सांगितलं. जूनअखेरचे आकडे होत नाहीत. ते म्हणाले, मुदतवाढीसाठी रदबदली करतो, पण वचन देत नाही. वर विचारलं, घरी काही गंभीर आहे का? म्हटलं, अजून कळलेलं नाही, बघायला चाललोय.

आई भाकरीचं पेंडकं बांधत होती. "आनाया चाललास का तिला?"

"विचारायला चाललोय."

"ती न्हाई म्हनली तर?"

मी ही वही पिशवीत टाकली. आईनं पेंडक्याला गाठ मारली आणि म्हणाली, "तर दोन दिस ऱ्हा तिथं. पोचल्या पोचल्या लगीच त्वांड उघडू नगंस. सवय न्हाई तुला तितल्या हवंची."

हे स्टँडवर बसून लिहितो आहे. पुण्याची गाडी अजून लागलेली नाही. चौकशीच्या खिडकीतला माणूस 'येईल' एवढंच सांगतो आणि पेपर वाचतो. एरवी मी त्याच्याशी भांडलो असतो. संदीप माझ्या पायांशी बघतोय, बाकाखाली बघतोय. शेवटी त्यानं विचारलंच, "भावोजी, कॅन राहिले का घरी?"

म्हटलं, "नाही. या खेपेला आणलेच नाहीत."